महागडं पेडल घेताना आपण नेमके कशाचे पैसे मोजतो?

इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्यांत ‘क्लॉन सेंटॉर’ हे नाव ऐकलं नाही असा माणूस विरळा. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात बिल फिनेगन यांनी १९९४ पासून पुढची जवळजवळ पंधरा वर्षं हे ओव्हरड्राइव्ह पेडल (गिटारचा आवाज किंचित फाटका करणारी, पायाने दाबायची पेटी) हाताने बनवलं. सगळे मिळून साधारण ८,००० नग बाहेर पडले. नवं असताना त्याची किंमत दोन-तीनशे डॉलरच्या घरात होती. आज तेच पेडल जुन्या बाजारात कित्येक हजार डॉलरला, म्हणजे आपल्या हिशेबाने लाखांत जातं. त्याच्याच सर्किटवर बेतलेलं नवंकोरं पेडल मात्र सत्तर-ऐंशी डॉलरला मिळतं, आणि बँड जोरात वाजत असताना दोन्हींतला फरक ओळखणं मुरलेल्या कानांनाही जड जातं.

मग महागड्या पेडलमध्ये आपण विकत घेतो ते काय? या प्रश्नावर गिटारवाल्यांत सरळ दोन तट आहेत. एक म्हणतो, सगळी लूट आहे. दुसरा म्हणतो, चांगल्या आवाजाला दाम मोजावाच लागतो. मला दोन्ही बाजू अर्ध्याच पटतात. पेडलच्या किमतीत तीन वेगवेगळ्या गोष्टींचे पैसे असतात: आवाज घडवणारी सामग्री, बनवणाऱ्याची मेहनत आणि त्या वस्तूची दुर्मीळता. कुठल्या पेडलमध्ये यातलं काय किती आहे हे कळलं, की घ्यावं की नाही हा निर्णय सोपा होतो. हा आढावा त्यासाठीच.

बिघाडातून जन्मलेला आवाज

पेडलचा इतिहास सुरू होतो तो एका बिघाडापासून. नॅशव्हिलच्या एका स्टुडिओत मार्टी रॉबिन्स यांच्या ‘डोंट वरी’ या गाण्याचं ध्वनिमुद्रण चालू असताना मिक्सिंगच्या टेबलातला एक चॅनल बिघडला आणि ग्रेडी मार्टिन यांच्या बेस गिटारचा आवाज फाटका, गुरगुरणारा येऊ लागला. १९६१ मध्ये गाणं तसंच बाजारात आलं आणि गाजलं. तो आवाज सगळ्यांना हवासा झाला, तेव्हा ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी ट्रान्झिस्टर वापरून तो मुद्दाम काढणारं सर्किट तयार केलं. गिब्सन कंपनीने १९६२ मध्ये ते ‘माएस्ट्रो फझ-टोन’ म्हणून विकायला काढलं. तीन वर्षांनी रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’मध्ये कीथ रिचर्ड्स यांनी ते वापरलं आणि पायाने दाबायची ही पेटी जगभर पोचली.

तेव्हापासून आजवर फझ, डिस्टॉर्शन आणि ओव्हरड्राइव्ह या तिन्ही जातींचं मूळ काम तेच आहे: गिटारचा सिग्नल वाढवायचा आणि ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की त्याची टोकं छाटायची. फार सामान लागत नाही. हजारो गिटारवाल्यांच्या बोर्डावर दिसणारं आयबानेझचं ‘ट्यूब स्क्रीमर’ खालून उघडून पाहा. आत एक छोटी आठ पायांची चिप असते. पहिल्या ट्यूब स्क्रीमरांत बहुधा ‘जेआरसी ४५५८’ जातीची चिप असे. तिच्या आगेमागे सिग्नल सावरणारे दोन ट्रान्झिस्टर, टोकं छाटणारे दोन सिलिकॉन डायोड, मूठभर रेझिस्टर आणि कपॅसिटर, आणि ड्राइव्ह, टोन, लेव्हल अशी तीन बटणं. संपलं.

खुबी आहे ती मांडणीत. चिपभोवतीचे एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर असे निवडले आहेत की साधारण ७२० हर्ट्झच्या खालचा आवाज कमी वाढतो आणि म्हणून कमी फाटतो. खर्ज मोकळा राहतो, मधले स्वर पुढे येतात, आणि ढोल-बेसच्या गर्दीतून गिटार वाट काढते. जपानमध्ये सुसुमु तामुरा यांनी सत्तरच्या दशकाच्या शेवटी केलेली ही रचना आज अक्षरशः शेकडो पेडलांचा पाया आहे. ४५५८ जातीची चिप आजही बनते आणि काही रुपयांत मिळते. तरीही सुरुवातीच्या हिरव्या ‘टीएस-८०८’ पेडलांना जुन्या बाजारात नव्याच्या कित्येक पट भाव आहे. इथे जास्तीचे पैसे सर्किटला जात नाहीत, त्या पेटीच्या वयाला आणि नावाला जातात.

क्लॉनचं कोडं

आता क्लॉनकडे येऊ. त्याचं सर्किट ट्यूब स्क्रीमरपेक्षा नक्कीच वेगळं आहे. नऊ व्होल्टची बॅटरी लावली तरी आतली एक चिप त्या विजेतून जास्तीचा दाब तयार करते, त्यामुळे सिग्नलला वावरायला ऐसपैस जागा मिळते. टोकं छाटायला जर्मेनियमचे डायोड आहेत. सिलिकॉनचा डायोड साधारण ०.६ व्होल्टला काम सुरू करतो, जर्मेनियमचा त्याच्या निम्म्याच्या आसपास, त्यामुळे छाटणी हळुवार होते. सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे त्याचं गेनचं बटण दुहेरी आहे: छाटलेला आणि स्वच्छ असे दोन्ही सिग्नल ते एकाच वेळी कमीजास्त करतं. म्हणून गिटारचा मूळ आवाज झाकला जात नाही, त्यावर एक साय धरल्यासारखं वाटतं. जेफ बेक, जॉन मेयर यांच्यासारख्यांनी ते वापरलं ते उगाच नाही.

फिनेगन यांनी सर्किटवर काळा एपॉक्सी ओतून ते झाकून टाकलं होतं. गूढ वाढलं आणि त्याबरोबर मागणीही. नंतर हौशी मंडळींनी तो थर खरवडून आतलं सगळं कागदावर उतरवलं. गूढ उकललं तेव्हा हाती लागले ते बहुतांश कोणत्याही दुकानात मिळणारे सुटे भाग आणि एका अभ्यासू माणसाने अनेक वर्षं कानाने तोलून ठरवलेली त्यांची मापं. त्यानंतर नकलांचा पूर आला. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सने २०१४ मध्ये ‘सोल फूड’ काढलं ते शंभर डॉलरच्या आत. वॅम्पलर, जेएचएस अशा नावाजलेल्या कारखान्यांनीही आपापल्या आवृत्त्या आणल्या.

या नकलांमुळे जुन्या क्लॉनचा भाव उतरायला हवा होता, तो उलट चढत गेला. भाव आवाजाचा असता तर तोच आवाज स्वस्तात मिळू लागल्यावर पडला असता. तो दुर्मिळतेचा आहे, म्हणून प्रत्येक नकलेने मूळ वस्तूची जाहिरातच केली. या चढ्या भावातला पैसाही फिनेगन यांच्याकडे गेलेला नाही. त्यांनी पेडल दोन-तीनशे डॉलरला विकलं आणि पुढचा नफा मधल्या विकणाऱ्यांनी कमावला. त्यांनी पुढे ‘केटीआर’ नावाचं लहान पेडल आणलं, तेव्हा या गाजावाजाशी आपला संबंध नाही अशा अर्थाचं वाक्य पेटीवरच छापलं होतं. ते त्यांनी मनापासून लिहिलं असणार असं मी मानतो.

२०२४ मध्ये बेहरिंगर कंपनीने जवळपास तसंच दिसणारं, ‘सेंटॉर’ नावाचंच स्वस्त पेडल बाजारात आणलं आणि फिनेगन न्यायालयात गेले. कायद्याची बाजू इथे समजून घ्यायला हवी. पेटंट नसेल किंवा त्याची मुदत संपलेली असेल तर सर्किटची मांडणी कुणीही वापरू शकतो. नाव, चिन्ह आणि ओळखीचं रूप यांना मात्र संरक्षण असतं. नंतर ते पेडल नाव बदलून विकलं जाऊ लागलं. सर्किट सर्वांचं असावं, पण दुसऱ्याच्या नावावर धंदा करू नये, ही रेषा मला योग्य वाटते.

हाताच्या कामाचं खरं मोल

सगळीच महाग पेडलं नावावर विकली जातात असं मात्र समजू नये. काहींत मेहनत खरोखरच ओतलेली असते आणि त्याचं उत्तम उदाहरण जर्मेनियम फझ हे आहे.

१९६६ मध्ये इंग्लंडमध्ये आलेलं ‘फझ फेस’ जिमी हेंड्रिक्स यांच्यामुळे अजरामर झालं. आत जेमतेम दहा-बारा सुटे भाग, त्यात दोन ट्रान्झिस्टर. पण सुरुवातीच्या पेडलांतले हे ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे असत आणि जर्मेनियम हा बेभरवशाचा पदार्थ. एकाच खोक्यातले दोन ट्रान्झिस्टर सिग्नल सारखाच वाढवतील याची खात्री नाही. त्यांतून थोडी वीज कायम गळत असते आणि उष्णता वाढली की गळती वाढते. मुंबईच्या मे महिन्यात, पंख्याखालच्या तालमीच्या खोलीत, असं पेडल सकाळी एक बोलतं आणि दुपारी दुसरं. म्हणून चांगला कारागीर जुन्या साठ्यातले ट्रान्झिस्टर विकत घेतो, एकेक मोजतो, गळती तपासतो, जुळणाऱ्या जोड्या लावतो आणि न जुळणारे बाजूला टाकतो. या निवडीला वेळ लागतो आणि टाकून दिलेल्या मालाचे पैसेही त्यालाच सोसावे लागतात. अशा पेडलला तीनशे डॉलर पडत असतील तर त्यातला बराच भाग रास्त आहे.

कनेटिकटमधल्या माइक पिएरा यांच्या ‘अॅनालॉग मॅन’ या छोट्या कारखान्याची गोष्टही अशीच. त्यांचं ‘किंग ऑफ टोन’ हे पेडल मार्शलच्या नव्वदच्या दशकातल्या ‘ब्लूजब्रेकर’ पेडलच्या सर्किटवरून घडलेलं आहे. ते घ्यायचं तर प्रतीक्षायादीत नाव नोंदवून काही वर्षं थांबावं लागतं. मागणी अशी असताना किंमत दुप्पट करणं त्यांना सहज शक्य होतं. त्यांनी ती वाजवी ठेवली आणि रांग लांबू दिली. पुढे त्याच आवाजाचं छोटं पेडल एमएक्सआर कंपनीकडून मोठ्या प्रमाणावर बनवून घेतलं, ‘ड्यूक ऑफ टोन’ या नावाने. ज्याला आवाज हवा त्याला तो आज दुकानात मिळतो, आणि ज्याला पिएरांच्या बाकावर जोडलेली पेटी हवी तो थांबतो. या सगळ्या धंद्यात इतका स्वच्छ व्यवहार मी दुसरा पाहिलेला नाही.

डिजिटलचा हिशेब वेगळा

डिले आणि रिव्हर्ब म्हणजे प्रतिध्वनी आणि घुमारा देणाऱ्या पेडलांचं अर्थशास्त्र निराळं आहे. इथे जास्त पैसे मोजले तर बहुतेक वेळा खरोखर जास्त काही पदरात पडतं.

या पेडलांचे पूर्वज मोठाली यंत्रं होती. रोलंडचं ‘स्पेस एको’ चुंबकी फितीवर आवाज साठवून परत ऐकवायचं. १९७८ मध्ये आलेलं ‘लेक्सिकॉन २२४’ हे डिजिटल रिव्हर्ब हजारो डॉलरचं होतं आणि ते मोठ्या स्टुडिओंनाच परवडायचं. बॉसने १९८३ मध्ये ‘डीडी-२’ हे पहिलं डिजिटल डिले पेडल आणलं, ते आतल्या चिपमुळे महाग होतं. चिप स्वस्त झाली तसं ‘डीडी-३’ आलं, जवळपास तेच काम करणारं आणि कमी किमतीचं. डिजिटल पेडलांत किंमत तंत्रज्ञानाच्या मागोमाग चालते ती अशी.

आज स्ट्रायमॉनचं ‘बिगस्काय’ साडेचारशे डॉलरच्या वर जातं, इव्हेंटाइडचं ‘एच-९०’ नऊशेच्या घरात. यांत आवाजावर आकडेमोड करणारे शक्तिशाली प्रोसेसर असतात, आवाज आत घेताना आणि बाहेर सोडताना खरखर होऊ न देणारं दर्जेदार सामान असतं, आणि सर्वांत महाग गोष्ट म्हणजे अभियंत्यांनी अनेक वर्षं खपून लिहिलेली आज्ञावली असते. सुट्या भागांचा हिशेब करून असं पेडल लुटारू ठरवणारा या बुद्धीच्या कामाचे पैसे धरायलाच विसरतो.

यातही डोळे उघडे ठेवावे लागतात. मिनियापोलिसच्या चेस ब्लिस कंपनीने मेरिस या कंपनीसोबत केलेलं ‘सीएक्सएम १९७८’ हे त्या जुन्या लेक्सिकॉनच्या धर्तीवरचं रिव्हर्ब. त्यावरच्या सरकपट्ट्या आतल्या मोटरींनी आपोआप हलतात. जतन केलेला एक आवाज बदलून दुसरा निवडला की सहाही पट्ट्या आपापल्या जागी सरकतात आणि पेडल आत्ता काय करतंय हे डोळ्यांना दिसतं. हे देखणं आहे, कामाचंही आहे, आणि नऊशे डॉलरमधला बराच भाग या मोटरींच्या यंत्रणेचा असणार. स्टुडिओत रोज काम करणाऱ्याला ती सोय परवडेल. महिन्यातून एकदा कार्यक्रम करणाऱ्याला त्याच घराण्यातला आवाज बराच कमी किमतीत मिळतो.

आता तर याच क्षेत्राने सगळ्या धंद्याला हादरा दिला आहे. लाइन सिक्सचं ‘एचएक्स स्टॉम्प’ किंवा न्यूरल डीएसपीचं ‘क्वाड कॉर्टेक्स’ यांच्या एका पेटीत डझनावारी पेडलं आणि अँप्लिफायर सामावतात. दोन-तीन हातबनावटीच्या पेडलांच्या पैशांत यांपैकी पहिली पेटी येते. त्याहून पुढची गोष्ट म्हणजे ‘न्यूरल अँप मॉडेलर’ ही आज्ञावली संगणकावर चक्क फुकट वापरता येते. शिकणाऱ्याला शंभर आवाज ओळखून घ्यायची इतकी स्वस्त संधी यापूर्वी कधीच नव्हती.

स्वस्त पेडल कुठे कमी पडतं?

स्वस्त पेडलं वाईट, हा समज आता सोडून द्यायला हवा. बॉसचं केशरी ‘डीएस-१’ १९७८ पासून बनतंय. ते कर्ट कोबेन यांच्या पायाशी होतं आणि आजही नव्या पेडलांत स्वस्तातल्या स्वस्तांपैकी आहे. त्याची धातूची पेटी वर्षानुवर्षं लाथा खाऊन टिकते.

त्याखालच्या थराला मात्र फरक जाणवतो आणि तो आवाजात कमी, टिकाऊपणात जास्त असतो. प्लास्टिकची पेटी आणि लटपटणारं फुटस्विच घरी चालून जातं, मंचावर दगा देतं. विकत घेतानाच तीन गोष्टी तपासाव्यात. स्विच शंभर वेळा दाबून पाहावा. केबलचा जॅक आत-बाहेर करून ढिला आहे का ते पाहावं. आणि पेडल बंद असताना गिटारचा आवाज तोच राहतो का ते ऐकावं. ही शेवटची गोष्ट फार लोक तपासत नाहीत. लांब केबलमध्ये उंच स्वर गळतात. त्यासाठी साखळीत एखादं चांगला बफर, म्हणजे सिग्नल सावरणारं सर्किट, असलेलं पेडल हवंच. सगळी ‘ट्रू बायपास’ (बंद असताना सिग्नल थेट पुढे सोडणारी) पेडलं महाग दराने घेऊन आवाज मंद झाल्याची तक्रार करणारे कमी नाहीत.

बॉसने २०१४ पासून ‘वाझा क्राफ्ट’ नावाने आपल्याच काही जुन्या पेडलांच्या वरच्या दर्जाच्या आवृत्त्या काढल्या. त्या जपानमध्ये बनतात आणि साध्या पेडलपेक्षा महाग आहेत. सुटे भाग आणि सर्किट दोन्हींत सुधारणा आहे. एकाच घरातली दोन्ही पेडलं शेजारी ठेवून ऐकणं हा माझ्या मते किमतीचा अर्थ समजण्याचा सर्वांत प्रामाणिक मार्ग आहे. कारण तिथे नावाचा प्रभाव दोन्हीकडे सारखाच असतो आणि उरतो तो फरक खरा.

आपल्याकडचा हिशेब

भारतात हा प्रश्न जास्त टोचतो. तीनशे डॉलरचं पेडल रुपयांत पंचवीस हजारांच्या पुढे जातं. त्यावर वाहतूक, सीमाशुल्क आणि जीएसटी चढला की पुण्यातल्या किंवा नागपुरातल्या कॉलेजकुमाराला एका पेडलच्या पैशात चांगली गिटार घेता येईल अशी वेळ येते. बिघडलं तर दुरुस्तीसाठी परत पाठवायचा खर्च वेगळा. म्हणून परदेशी चर्चा वाचून तिथली यादी जशीच्या तशी इथे उतरवणं म्हणजे स्वतःच्या खिशाशी वैर.

इथे एक चांगली गोष्टही घडतेय. मुंबईतली ‘अॅनिमल फॅक्टरी अँप्लिफिकेशन’ ही कंपनी फझ आणि डिस्टॉर्शन पेडलं बनवते आणि तिची पेडलं परदेशातले वादकही घेतात. दुसरीकडे मुंबईचा लॅमिंग्टन रोड आहेच. रेझिस्टर, कपॅसिटर, चिपा, बटणं असं बरंचसं सामान तिथे मिळतं. थोडं सोल्डरिंग येत असेल तर एखादं साधं ओव्हरड्राइव्ह घरी जोडणं अशक्य नाही. निम्म्या रात्री सोल्डरिंगचा धूर डोळ्यांत जाऊन पेडल पहिल्यांदा बोललं, की सर्किटच्या किमतीबद्दलची कितीतरी भुतं कायमची उतरतात. आणि दुसऱ्याच्या चांगल्या कामाबद्दलचा आदर वाढतो, तो वेगळाच.

माझा निवाडा

ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन आणि फझ या वर्गात एका मर्यादेपुढे किंमत वाढली तरी आवाज त्या प्रमाणात सुधारत नाही. ही मर्यादा माझ्या मते साधारण शंभर-दीडशे डॉलरची आहे. जुळवलेल्या जर्मेनियमसारखं खास काम असेल तरच त्यापुढे जावं. डिले आणि रिव्हर्बमध्ये जास्त पैशांत खरोखर जास्त आवाज, जास्त सोय आणि कमी खरखर मिळते, पण ती तुमच्या गाण्याला हवी आहे का हे आधी ठरवावं. आणि लाखांच्या भावात विकलं जाणारं जुनं पेडल ही संग्रहाची वस्तू आहे. हौसेला मोल नसतं, हे मान्य. ज्याला ती हौस परवडते त्याने खुशाल करावी. पण तिच्यामुळे आपलं वाजवणं सुधारेल ही आशा बाळगू नये, आणि ती परवडत नाही म्हणून कुणा शिकणाऱ्याने मनात कमीपणा आणू नये.

पहिलं पेडल घ्यायला निघालेल्यांना एवढंच सांगतो: एक साधं, धातूच्या पेटीतलं ओव्हरड्राइव्ह घ्या, एक बऱ्यापैकी डिले घ्या, आणि वर्षभर त्या दोघांवरच वाजवा. उरलेले पैसे चांगल्या तारा, चांगली केबल आणि चांगल्या गुरूची फी यांवर खर्च करा. वर्षानंतरही एखादा आवाज कानात घोळत राहिला आणि तो हातातल्या पेडलांतून निघत नसेल, तर तेव्हा महागडं पेडल बिनदिक्कत घ्या. त्या दिवशी आपण कशाचे पैसे मोजतोय हे तुम्हाला नेमकं ठाऊक असेल.